जपावी कीं चालवावी?

ज्याचें उभें आयुष्य शब्दरूपावलि आणि धातुरूपावलि घोकून घेण्यांत गेलें, अशा एका निवृत्त शाळामास्तरानें पहूरसारख्या गांवीं बसून विलायती मोटारींवर लेख लिहावा, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तें तसेंच वाटत आहे. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक प्रश्न असा उपस्थित झाला कीं, त्याचें उत्तर देतां देतां आम्हांला आमच्याच हातून घडलेल्या एका जुन्या चुकीचा हिशेब द्यावा लागला. तो हिशेब येथें मांडतों. मोटारींची माहिती ज्यांना हवी त्यांना ती मिळेल. आणि ज्यांना ती नको, पण ज्यांच्या घरांत कांहींतरी जुनें जपून ठेवलेलें आहे, त्यांनाही कदाचित् ह्या लेखाचा उपयोग होईल.

आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणत असे, त्यांचा नातू इंग्लंडांत नोकरीस आहे. तिकडे जुनी मोटार बाळगण्याचा शौक सामान्य गृहस्थांतही आढळतो. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस तेथें रस्त्याचा कर पडत नाहीं, आणि २०१८ पासून अशा बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्तिही उरलेली नाहीं. नातवानें लिहिलें, "अण्णाआजोबा, दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक एम्. जी. बी. आणि दुसरी ट्रायंफ स्पिटफायर. दोन्ही उघड्या टपाच्या, दोन्ही दोनच माणसांच्या. कोणती घेऊं? तुम्ही आजोबांची हेरल्ड चालवलेली आहे, म्हणून तुम्हांलाच विचारतों."

शेवटचें वाक्य वाचून आम्ही क्षणभर चपापलों. तें कां, तें पुढें येईल.

दादा आमच्याहून वीस वर्षांनीं मोठे. वडिलांच्या मागें त्यांनींच आम्हांस वाढविलें. ते पहुरास डॉक्टर होते, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून रोग्यांना पाहण्यास जाण्यासाठीं त्यांनीं १९६६ सालीं मद्रासेस तयार झालेली, दोन दरवाजांची, फिकट निळ्या रंगाची स्टँडर्ड हेरल्ड घेतली. त्या वेळीं आम्ही सात वर्षांचे होतों. गाडी दाराशीं आली तेव्हां दादांनीं पुढचें सबंध तोंडच पेटीच्या झांकणासारखें पुढें उलथून दाखविलें. इंजिन, पुढचीं चाकें, चक्राचा दांडा, सारें एकदम उघडें पडलें. आमच्या आईनें तें पाहून म्हटलें, "बाई ग, हिनें तर सगळाच पदर टाकला!" ९४८ घनसेंटिमीटरचें तें लहानसें इंजिन; पण पंचवीस फुटांच्या वर्तुळांत गाडी वळत असे, म्हणून पेठेच्या बोळांतूनही दादा तिला लीलेनें फिरवीत.

आमचे एक चुलतबंधु जळगांवीं वकिली करीत. त्यांची अँबॅसडर होती. दिवाळींत दोघे बंधु एकत्र आले कीं फराळाच्या ताटावरच गाड्यांचा वाद माजे. वकीलबंधु म्हणत, "तुझी हेरल्ड म्हणजे निव्वळ नखरा! माझ्या गाडींत नऊ माणसें आणि वर दोन पोतीं गहूं बसतात." दादा म्हणत, "बसतील; पण ती वळवायची म्हणजे तुम्हांला शेत लागतें!" हा वाद उभय पक्षांपैकीं कोणींही कधींच जिंकला नाहीं.

नातवाच्या पत्रानंतर आम्ही थोडें वाचन केलें तेव्हां असें आढळून आलें कीं, हा नवा वाद म्हणजे तोच जुना वाद, विलायती पोषाखांत आलेला. हेरल्ड ही मूळची इंग्लंडांत १९५९ सालीं निघालेली ट्रायंफची गाडी. तिची आकृति मिकेलॉट्टी नांवाच्या इटालियन कारागिरानें रेखाटलेली होती. १९६१ पासून ती मद्रासेस तयार होऊं लागली. इंग्लंडांत १९६२ सालीं त्याच हेरल्डचा लोखंडी सांगाडा आखूड करून, त्याच मिकेलॉट्टीकडून नवें अंग काढवून, जी दोन माणसांची चपळ गाडी केली तीच स्पिटफायर. दुसरीकडे, बंगालमधील उत्तरपाड्यास होणारी अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यांत पुष्कळ वर्षें जें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन बसवीत, त्याच जातीचें इंजिन पूर्वीं एम्. जी. ए. ह्या शर्यतीच्या थाटाच्या गाडींत असे, आणि त्याचाच वाढविलेला, १७९८ घनसेंटिमीटरचा अवतार १९६२ सालीं निघालेल्या एम्. जी. बी. मध्यें आला. म्हणजे स्पिटफायर ही आमच्या हेरल्डची धाकटी बहीण, आणि एम्. जी. बी. ही वकीलबंधूंच्या अँबॅसडरची सगोत्र! पहूर-जळगांवची भाऊबंदकी सातासमुद्रांपलीकडे जाऊन पुन्हां नातवापुढें उभी राहिली होती.

गेल्या ज्येष्ठांत आम्ही सपत्नीक नातवाकडे राहून आलों, आणि विकणाऱ्यांच्या संमतीनें दोन्ही गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या व त्यांत बसून फिरलों. त्या परीक्षेचा निष्कर्ष असा.

प्रथम शरीररचना. स्पिटफायरला हेरल्डप्रमाणें निराळा सांगाडा असून त्यावर अंग बोल्टांनीं बसविलेलें असतें. एम्. जी. बी. ला असा सांगाडा नाहीं. तिचें पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. दाराच्या उंबरठ्याखालीं जी पेटीसारखी लांब पट्टी असते ती गंजून कुजली कीं, वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडीची कंबर खचली असें समजावें. स्पिटफायरमध्येंही ह्या पट्ट्यांवर पुष्कळ भार असतो. म्हणून दोहोंपैकीं कोणतीही घेतांना दारें उघडून मिटून पाहावीं, आणि खालीं वांकून बाजारांत मडकें वाजवून घ्यावें तसें वाजवून पाहावें. एम्. जी. बी. ची एक सोय मात्र मोठी आहे : १९८८ पासून तिचें अखंड नवें अंगही तयार मिळूं लागलें.

दुसरें इंजिन. एम्. जी. बी. चें इंजिन सुमारें पंचाण्णव अश्वशक्तीचें, जड आणि सोशिक. पहिल्या स्पिटफायरचें इंजिन ११४७ घनसेंटिमीटरचें, त्रेसष्ट अश्वशक्तीचें. पुढें तें १२९६ आणि शेवटीं १४९३ घनसेंटिमीटरपर्यंत वाढत गेलें. आंकडे पाहून स्पिटफायर दुबळी ठरते. पण तिचें वजनही बरेंच कमी, त्यामुळें गांवांतल्या रस्त्यावर ती मागें पडत नाहीं. लांबच्या मजलेस मात्र मोठें इंजिन तें मोठेंच.

तिसरें चालणें. एम्. जी. बी. चीं मागचीं चाकें एका अखंड कण्यावर, पानपाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेलीं असतात. बैलगाडीचा आंसच जणुं. वळणावर ती काय करील हें अगोदर कळतें. स्पिटफायरचीं मागचीं चाकें स्वतंत्रपणें झुलतात. वेगांत वळण घेतां घेतां चालकानें भिऊन पाय एकदम काढला, तर बाहेरचें चाक खालच्या अंगास आंत ओढलें जाऊन गाडीचा मागचा भाग उचलला जातो. १९७० पासूनच्या स्पिटफायरींत स्प्रिंगेची योजना बदलून हा दोष बराच काढून टाकला गेला. म्हणून चालविण्यासाठीं घेणाऱ्यानें त्यानंतरची घ्यावी. हेरल्डमध्येंही हाच दोष होता. आम्हांला चालविणें शिकवितांना दादांनीं पहिला नियम सांगितला तो हा : "वळणाआधीं भी, वळणांत भिऊं नकोस." हा नियम केवळ मोटारीपुरता नाहीं, हें आम्हांस पुढें कळलें.

आमच्या व्यवसायाचा दोष म्हणून एक उपमा देतों. एम्. जी. बी. मंदाक्रांतेच्या चालीनें, भारदस्तपणें, विसावे घेत जाते. स्पिटफायर द्रुतविलंबितासारखी, मध्येंच धांवत मध्येंच थबकत जाते. दोहोंतही बसणें म्हणजे पाटावर बसणें. जमीन हाताला लागते कीं काय असें वाटतें. आमच्या कुटुंबानें दोन्ही गाड्या एकवार न्याहाळून विचारलें, "दोघांचीच जागा? आणि सासूबाई आल्या तर?" ह्या प्रश्नाचें उत्तर ट्रायंफकडे नाहीं. एम्. जी. कडे थोडेंसें आहे : १९६५ पासून तिचा टप झांकलेला, मागें लहान मुलापुरती बैठक असलेला जी. टी. हा प्रकार निघाला.

चौथी गोष्ट निगेची. स्पिटफायरचें तोंड पूर्ण उलथत असल्यानें ज्याला स्वतःचे हात काळे करावयाचे आहेत त्याला तिच्यासारखी दुसरी गुरु नाहीं. तिच्या पुढच्या चाकांच्या खालच्या खुंट्यांना ग्रीस नव्हे, गिअरचें तेल द्यावें लागतें. तें चुकलें तर चाक मोडून पडण्यापर्यंत पाळी येते. एम्. जी. बी. च्या पुढच्या खुंट्यांना ग्रीस लागतें. दोहोंच्याही जुन्या रबरी नळ्या आतांच्या पेट्रोलांत टिकत नाहींत, कारण त्यांत इथेनॉल मिसळलेलें असतें. इंग्लंडांत २०२१ पासून दहा टक्के, आणि आपल्याकडे आतां वीस टक्के. त्या नळ्या प्रथमच बदलून घ्याव्या हें उत्तम.

संग्राहकाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास दोहोंतही दुर्मिळता नाहीं. एम्. जी. बी. पांच लाखांहून अधिक झाल्या, स्पिटफायर तीन लाखांहून अधिक. संग्राहक लोक चकचकीत धातूच्या बंपरांच्या एम्. जी. बी. मागतात, १९७४ नंतर अमेरिकेच्या नियमांसाठीं काळे रबरी बंपर बसवून ती गाडी उंच केली गेली, ती त्यांस रुचत नाहीं. एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक मौजेची गोष्ट सांगतों. एम्. जी. आणि ट्रायंफ हीं दोन प्रतिस्पर्धी घराणीं १९६८ सालीं ब्रिटिश लेलँड ह्या एकाच छपराखालीं आलीं. चूल एक झाली, पण जावांची ईर्षा गेली नाहीं. १९७४ सालीं एम्. जी. च्या मिजेट ह्या धाकट्या गाडींत चक्क ट्रायंफचें इंजिन बसविण्यांत आलें. अखेर १९८० सालीं स्पिटफायर आणि एम्. जी. बी. ह्या दोहोंचेंही उत्पादन बंद झालें.

येथवर तुलना झाली. "मग कोणती?" असें नातवानें पुन्हां विचारलें. आम्हीं उलट विचारलें, "तूं ती चालविणार, कीं झांकून ठेवणार?" तो म्हणाला, "जपून ठेवीन, रविवारीं काढीन." ह्या "जपून" शब्दापाशीं आमचा घसा दाटला, आणि जें आजवर घरांत कोणाला नीट सांगितलें नव्हतें तें त्या परक्या गांवीं नातवाला सांगितलें.

१९९८ सालीं दादांना अर्धांगवायु झाला. हेरल्ड पडवींत उभी राहिली, आणि किल्ली आमच्या हातीं आली. आम्हीं तिच्यावर ताडपत्री घातली. दर दसऱ्यास ताडपत्री काढून फडकें मारीत असूं, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालीत असूं, आणि पुन्हां झांकीत असूं. खाटेवरून दादा विचारीत, "सुरू केलीस का रे?" आम्ही म्हणत असूं, "सुरक्षित आहे, दादा." त्यांच्या मुलानें २००४ सालीं गाडी मागितली, तेव्हां आम्हीं त्यास स्पष्ट नकार दिला, म्हटलें, "ती दादांची वस्तु आहे. तिला ओरखडा पडलेला मला पाहवणार नाहीं." त्या दिवसापासून तो आमच्याशीं मोजकेंच बोलूं लागला. कागदपत्रांच्या मुदती टळून गेल्या; आम्हीं म्हटलें, उभ्या गाडीला कागद कशाला?

२०११ च्या उन्हाळ्यांत दादा एके सकाळीं म्हणाले, "मला एकदां हेरल्डमधून अजिंठ्याच्या पायथ्याशीं नेऊन आण." वहिनी लग्न होऊन आल्यावर आमच्याकडे गाडी आली तेव्हां त्यांचा पहिला प्रवास तेथवरचाच होता. आम्हीं ताडपत्री काढली. बैठकींत उंदरांचें घर होतें. टाकींतलें पेट्रोल आटून त्याचा चिकट डिंक झाला होता. ब्रेकचे दट्टे नळकांड्यांत घट्ट बसले होते, क्लचची थाळी गंजून चक्राला चिकटली होती, आणि चारी टायर भेगाळले होते. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, हिला कोणी मारली नाहीं. हिला उभी ठेवली, त्यानं मेली. दोन महिने लागतील." दादांना महिनाही लाभला नाहीं. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. "बाहेरून छान दिसते," एवढेंच ते म्हणाले.

ह्यानंतर पुष्कळ वर्षें आम्ही मनाची समजूत घालीत असूं कीं, जपणें हा कांहीं अपराध नव्हे. आमच्या गांवापासून जवळच अजिंठ्याचीं लेणीं आहेत. १८१९ सालीं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडलीं, तोंवर शतकानुशतकें माणसांची वर्दळ नव्हती म्हणूनच तीं चित्रें वांचलीं, असें म्हणतां येईल. आज खासगी मोटारी फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून लोकांना निराळ्या बसमधून वर नेतात. तें योग्यच आहे. चित्राला माणसाचा श्वासही बाधतो. परंतु त्याच चित्रांवर गेल्या शतकांत रक्षणार्थ म्हणून जें रोगण फांसलें, तेंच पुढें पिवळें पडून त्यांना झांकूं लागलें, हीही गोष्ट खरीच. तेव्हां जपण्याची रीत वस्तूच्या प्रकृतीवरून ठरवावी लागते, जपणाऱ्याच्या भीतीवरून नव्हे. चित्र पाहण्यासाठीं आहे. पोथी वाचण्यासाठीं आहे. बासनांत बांधून ठेवली तर कसर तिला वाचते. यंत्र चालण्यासाठीं आहे. तेल फिरत राहिलें तरच त्याचा धातु टिकतो. आम्ही पहिल्या प्रकारचें जपणें तिसऱ्या प्रकारच्या वस्तूस लावीत बसलों. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं जपली ती गाडी नव्हे. वळणांत भिऊं नकोस म्हणणारे दादा खाटेवर पडून आहेत, हें न पाहण्याची आमची सोय जपली.

नातू पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर आम्हीं आपलें मत दिलें. आमचें मन स्पिटफायरकडे ओढ घेतें, हें आम्ही लपवीत नाहीं. तिचें तोंड उलथलेलें पाहिलें तेव्हां आम्हांस सात वर्षांचें झाल्यासारखें वाटलें. ज्याला एकट्यानें, हौसेनें, हातांत पाना घेऊन शिकावयाचें आहे त्यानें तीच घ्यावी. ती स्वस्तही पडते. परंतु ह्या मुलाचें कामावर जाणें दूरचें, आणि घरीं लवकरच पाळणा हलावयाचा आहे. त्याच्याकडे स्पिटफायर रविवारची वाट पाहत झांकून राहिली असती. म्हणून आम्हीं सांगितलें, "एम्. जी. बी. घे, आणि तीही जी. टी. ओरखडा पडूं दे. वर्षाच्या शेवटीं तिच्यावर चिखल किती उडाला तें मला कळव. रंग कसा आहे तें नको." वकीलबंधु आज हयात असते तर इतक्या वर्षांनीं वाद जिंकल्याच्या आनंदांत त्यांनीं सबंध जळगांवास जिलबी वांटली असती.

परत आल्यावर एक काम उरलें होतें. हेरल्डसाठीं एका शहरवासी संग्राहकाची मागणी आली होती. किंमतही चांगली होती. आम्हीं दादांच्या मुलास बोलावून किल्ली त्याच्या हातांत ठेवली आणि म्हटलें, "२००४ सालीं मी चुकलों. विकायची कीं ठेवायची, तूं ठरीव." साठीच्या घरांतला तो गृहस्थ किल्ली हातांत धरून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "काका, मिस्त्रीला बोलावूं या."

गाडीचें अंग सांगाड्यापासून सुटें होत असल्यानें काम सोपें झालें, असें मिस्त्री म्हणतो. ब्रेकचीं नळकांडीं, नळ्या, क्लच, टायर, सारें नवें घातलें. २०२१ च्या नियमान्वयें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप न बदललेल्या गाड्यांची निराळी नोंद होते. ती झाली तरी गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. कायद्यानेंही तिला अर्धी संग्रहांतलीच वस्तु ठरविलें आहे. मुदतीवर कागद केले असते तर ही वेळ आली नसती, हेंही आमच्याच खात्यावर मांडावें लागेल. अर्ज केलेला आहे.

तोंवर दर रविवारीं सकाळीं दादांचा मुलगा तिला पडवींतून काढून आमच्या मोठ्या अंगणांत चार फेऱ्या घालतो. पंचवीस फुटांचें वर्तुळ अंगणांत बरोबर बसतें. वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे. गेल्या रविवारीं त्या आपण होऊन पुढच्या बैठकीवर जाऊन बसल्या, पदर सारखा केला, आणि आम्हांस विचारलें, "भावजी, फर्दापूरपर्यंत जाईल का हो ही?"

आम्हीं म्हटलें, "जाईल, वहिनी. कागद येऊं द्या."

त्या म्हणाल्या, "मग आणखी एक फेरी घ्या." आणि आम्ही मागें बसलों.